सातवे लागले की सहा सरली? : वय मोजण्याच्या काही रीती

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रवेशाचे काम माझ्याकडे असे. जूनच्या पहिल्या पावसात मुळशीच्या डोंगराकडच्या एखाद्या वाडीतून आजी नातवाचा हात धरून येई. "वय किती, आजी?" "सातवं लागलंय, गुरुजी." मी अर्जात सात लिहून मोकळा होई. चूक माझी होती. मराठीत वर्ष लागते आणि वर्ष सरते. सातवे लागलेल्या मुलाची सहाच वर्षे सरलेली असतात. आजी चालू वर्ष सांगत होती. अर्जाला पूर्ण झालेली वर्षे हवी होती.

ही चालू वर्षाची रीत पूर्व आशियाने शतकानुशतके पाळली. चीन, कोरिया, जपान येथे मूल जन्मताच एक वर्षाचे मानले जाई, कारण ते आयुष्याच्या पहिल्या वर्षात असते. पुढचे वर्षही वाढदिवसाला नव्हे, तर नववर्षदिनी सर्वांचे एकदम वाढे. वर्षाच्या अखेरच्या दिवशी जन्मलेले बाळ दुसऱ्याच दिवशी दोन वर्षांचे होई! जपानने १९०२ मध्ये जन्मदिनांकापासूनची गणना कायद्याने ठरवली, तरी लोक जुनाच आकडा सांगत. म्हणून १ जानेवारी १९५० पासून दुसरा कायदा अमलात आणावा लागला. दक्षिण कोरियात २८ जून २०२३ पासून पूर्ण वर्षांची गणना प्रमाण ठरली आणि लोकांचे बोलण्यातले वय एक-दोन वर्षांनी उतरले.

लागले-सरलेचा हा फरक आपल्या इतिहासातही आहे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे अडीच हजारावे वर्ष श्रीलंका, ब्रह्मदेश आणि भारताने मे १९५६ मध्ये साजरे केले. थायलंडने १९५७ मध्ये. एकाने लागलेले वर्ष धरले, दुसऱ्याने सरलेले. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे त्या लागलेल्या वर्षात.

वय गर्भापासून मोजण्याची रीत भारतातही जुनी आहे, आणि तिचा उपयोग दोन दिशांनी झालेला दिसतो. मनुस्मृतीत ब्राह्मणाचे उपनयन गर्भापासून आठव्या, क्षत्रियाचे अकराव्या आणि वैश्याचे बाराव्या वर्षी सांगितले आहे. शूद्राच्या मुलाचे कोणतेच वर्ष तेथे मोजलेले नाही. विनयपिटकातील महावग्गात मात्र कुमारकस्सपाची हकीकत येते. उपसंपदेसाठी वीस वर्षांची अट होती आणि त्याची वीस वर्षे गर्भापासून धरली तरच भरत होती. आपली उपसंपदा वैध आहे की नाही, अशी शंका त्याला आली. मातेच्या उदरात जाणीव प्रथम उत्पन्न होते तोच जन्म, म्हणून गर्भापासून वीस वर्षे धरावीत, अशी अनुज्ञा बुद्धांनी दिली. मोजण्याची रीत तीच. एका ठिकाणी तिने दार बंद ठेवले, दुसऱ्या ठिकाणी उघडले. संघात शिरल्यावर तर जन्माचे वय मागेच पडे. ज्येष्ठता उपसंपदेपासून मोजली जाई. उपाली न्हाव्याला आपल्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यांचा अभिमान गळेल, असे शाक्य कुमारांनी स्वतःच म्हटले होते.

आमच्या घरांत जन्मपत्रिका नव्हत्या. आजोबा सांगत, मुळशीचा सत्याग्रह झाला तेव्हा ते गुरे वळत होते; म्हणजे १९२१ साली सात-आठ वर्षांचे असावेत. आत्या पानशेतच्या पुराच्या, म्हणजे १९६१ च्या पावसाळ्यातली. मी स्वतः बहात्तरच्या दुष्काळात रांगत होतो, असे आई सांगे. शाळेच्या दाखल्यावर मात्र माझी जन्मतारीख १ जून १९७० आहे. मास्तरांनी मुलगा लवकर शाळेत बसावा म्हणून ती घातली. त्यात त्यांचा हेतू चांगलाच होता. माझ्या पिढीतील कितीतरी जणांचा वाढदिवस शाळा उघडण्याच्या त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला येतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे मी ३१ मे २०२८ रोजी, आईच्या हिशेबाने सुमारे दीड वर्ष आधीच, घरी बसेन.

हे उमगल्यावर मी अर्जावर १ जून लिहिणे सोडले. आजीला बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारायचे : याच्या जन्माच्या वेळी आवणी चालू होती की उरकली होती? बेंदूर झाला होता का? ओढ्याला पाणी किती होते? आजी डोळे मिटून आठवत असे, आणि बहुतेक वेळा आठवडासुद्धा सांगत असे.