गेम चालला म्हणून वही चालत नाही

बारामतीत हल्ली पोरांच्या हातात मुठीत मावणारं गेमचं यंत्र दिसतं. चिनी बनावटीचं, साडेतीन इंची पडद्याचं. आत लिनक्स असतं आणि मेमरी कार्डावर जुन्या गेमची खोगीरभरती. त्यात नोकियाच्या जमान्यातले जावा गेमही चालतात, हे कळल्यापासून ओळखीतले लोक विचारतात, "दादा, आमच्या जुन्या मोबाईलमधलं ॲप यात चालेल का?" नुसतं हो म्हटलं तर नंतर शिव्या खाव्या लागतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी स्वतः या वाटेला गेलो तो गेमसाठी नव्हे. २०१० च्या सुमारास बारामतीत इंजिनिअरिंग करत असताना मी तात्यांसाठी, म्हणजे माझ्या चुलत्यांसाठी, जावामध्ये एक छोटं ॲप लिहिलं होतं. त्यांची डाळिंबाची बाग इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या बाजूला. तेल्या रोगानं तेव्हा बागाच्या बागा काढायला लावल्या होत्या. कोणत्या बहाराला ताण कधी दिला, पानगळ कधी केली, पहिलं पाणी कधी सोडलं, पावसानंतर किती दिवसांत कोणती फवारणी झाली, हे सगळं तात्यांना लिहून ठेवायचं असे. वही मात्र बागेत भिजायची नाहीतर औषधाच्या खोलीत हरवायची. मोबाईल खिशातच असायचा. शेतकऱ्याच्या हाती संगणक देण्याचे प्रयोग आमच्या भागाला नवे नव्हते. आयआयटी मुंबईच्या ‘आक्वा’ या २००३ सालच्या प्रश्नोत्तरांच्या सोयीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ उत्तरं देत. ते वारं मलाही लागलं होतं, एवढंच.

तात्यांनी ते ॲप नोकिया २७०० वर काही वर्षं नेटानं वापरलं. पुढे टचस्क्रीन आला आणि जुना फोन कपाटात गेला. परवा पुन्हा हस्त बहार धरायचा विचार निघाला तेव्हा ते म्हणाले, "अरं, फोन गेला खड्ड्यात, त्यातल्या नोंदी तेवढ्या काढून दे."

याच ॲपची एक प्रत माझ्या बारामतीच्या मित्राकडे होती. तो त्यात ऊसतोड टोळीच्या मुकादमाला दिलेली उचल लिहायचा. त्याचा फोन अडकायला लागला तसा तो एका दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं फोनला सॉफ्टवेअर मारून दिलं. फोन नव्यासारखा पळायला लागला आणि उचलीचा सगळा हिशोब गेला. माझ्याकडे ॲपची फाईल होती, तीच मी त्याला पुन्हा टाकून दिली. ॲप उघडलं, पण आत कोरं.

जावा ॲपची जी ‘जार’ फाईल आपण ब्लूटूथनं एकमेकांना द्यायचो, ती म्हणजे नुसता प्रोग्रॅम. साधी झिप असते ती. कधी उतरवताना शेपटीला झिप लागून आली तर नाव बदलून जार करा, चालते. पण तुम्ही ॲपमध्ये भरलेली माहिती त्या जारमध्ये कधीच नसते. ती फोन स्वतःच्या पोटात वेगळ्या कप्प्यात ठेवतो. त्याला रेकॉर्ड स्टोअर म्हणतात, आणि केबल लावून मेमरी कार्ड उघडलं तरी बहुतेक फोनमध्ये ते दिसत नाही. शिवाय मोबाईलवरच्या जावाच्या नियमांतच लिहिलेलं आहे की ॲप काढून टाकलं की त्याचे सगळे रेकॉर्डही पुसायचे. त्यामुळे "आधी डिलीट करून बघू, पुन्हा टाकू" हा घरगुती उपाय इथे विषासारखा आहे. फॅक्टरी रीसेट करू नका, सॉफ्टवेअर मारू देऊ नका, जागा होत नाही म्हणून ॲप काढू नका. बॅटरी मेली असेल तर घाबरायचं कारण नाही, कारण रेकॉर्ड बॅटरीविनाही टिकतात. बीएल-५सी बॅटरी अजून सहज मिळते. जुनी फुगलेली असेल तर ती मात्र चार्जिंगला लावायची नाही.

फोन चालू झाल्यावर नोंदी बाहेर काढायच्या कशा? माझ्या ॲपमध्ये नोंद एसएमएसनं पाठवायची सोय होती. मराठीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. त्यात ॲपला प्रमाणपत्राची सही नसल्यानं फोन प्रत्येक संदेशाला "पाठवू का?" असं विचारतो. पाच-पन्नास नोंदी असतील तर हे चालेल. कमी असतील तर सरळ दुसऱ्या मोबाईलनं पडद्याचे फोटो काढा आणि बसून टाईप करा. यात कमीपणा वाटायचं काही नाही. जास्त असतील, आणि ॲपचा मूळ कोड तुमच्याकडे असेल, तर तिसरी वाट आहे. त्याच नावाची आणि त्याच निर्मात्याच्या नावाची नवी आवृत्ती करून फोनवर टाकायची. दोन्ही नावं जुळली की फोन ती सुधारित आवृत्ती मानतो आणि जुनी माहिती ठेवायची का, असं विचारतो. तिथे ‘हो’. नव्या आवृत्तीत सगळे रेकॉर्ड वाचून मेमरी कार्डावर मजकुराची फाईल लिहिण्याचं काम घालून ठेवायचं. मी हेच केलं, पण आधी सगळ्या पडद्यांचे फोटो काढून. करणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं: इतक्या जुन्या फोनसाठी कोड बांधायला जावा ८ चा किंवा त्याआधीचा कंपायलर लागतो. ९ पासून पुढच्यांनी इतकी जुनी लक्ष्यं सोडून दिली आहेत.

नोंदी हाती आल्यावर मगच ते लिनक्सचं यंत्र उघडावं.

त्यात जावा ॲप चालवणारा जो प्रोग्रॅम सगळ्यात जास्त वापरला जातो त्याचं नाव फ्रीजेटूएमई. जुने गेम चालवणाऱ्या रेट्रोआर्क या सॉफ्टवेअरच्या आत तो एक कोअर, म्हणजे जोडभाग, म्हणून बसतो. पण हा कोअर म्हणजे नुसता दलाल. खरं काम मागे चालणारा जावा करतो. त्यामुळे दोन गोष्टी जागेवर लागतात: रेट्रोआर्कच्या सिस्टिम फोल्डरमध्ये त्याची स्वतःची जार फाईल, आणि यंत्राच्या लिनक्सवर बसवलेला जावा. कंपनीनं दिलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये जावा बहुधा नसतो, मग पडदा काळा होतो आणि माणूस आपली जार खराब आहे असं समजून दहा ठिकाणांहून तीच फाईल उतरवत बसतो. आधी जावा आहे का ते पाहा. असेल तर तो यंत्राच्या प्रोसेसरचा आहे का ते पाहा. ३२ बिटच्या लिनक्सवर ६४ बिटचा एआरएम जावा चालत नाही, आणि लॅपटॉपवरून उचललेला तर नाहीच नाही. मेमरी किमान १ जीबी असलेली बरी. २५६ एमबीच्या यंत्रात जावा सुरू होतानाच दमतो.

इथवर आलात की गेम चालेल. १२८ बाय १६० चा जुना गेम ६४० बाय ४८० च्या पडद्यावर बरोबर तिप्पट होऊन उंचीला भिडतो आणि स्वच्छ दिसतो. २४० बाय ३२० चा दीडपट करावा लागतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा वेड्यावाकड्या होतात. एकाच गेमच्या अनेक मापांच्या जार असायच्या. मिळत असेल तर लहान मापाची घ्या. शिवाय गेम ज्या कंपनीच्या फोनसाठी केलेला, त्या कंपनीची बटणं निवडा. सॉफ्ट कीचे, म्हणजे पडद्याखालच्या डाव्या-उजव्या बटणांचे, आकडे नोकियात उणे ६ आणि उणे ७, मोटोरोलात उणे २१ आणि उणे २२. हे जुळलं नाही तर गेम उघडतो, पण पहिल्या ‘ओके’पाशीच अडतो.

माझं ॲप उघडलं, पण धड वापरता आलं नाही. गेमवाला पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतः रंगवतो, त्यामुळे त्याचं चित्र कुठेही तसंच उमटतं. नोंदवही, हिशोब, दिनदर्शिका असली ॲप तसं करत नाहीत. ती फोनला सांगतात की इथे तारखेची चौकट दे, इथे यादी दे, इथे आकडा लिहायला जागा दे. ती चौकट आणि यादी काढायचा नोकिया. इथे नोकिया नाही, म्हणून हे काम फ्रीजेटूएमईच्या गळ्यात पडतं, आणि त्याचं सगळं लक्ष गेमकडे असल्यानं फॉर्मची बाजू लंगडी. त्यात यंत्राला अंकांची बटणं नाहीत. "२०० लिटर" हे चार दिशांच्या बटणांनी लिहून बघा, मग कळेल. असली ॲप लॅपटॉपवर मायक्रोएम्युलेटरमध्ये जास्त शहाण्यासारखी वागतात. तिथे निदान कीबोर्ड असतो.

मराठीचं वेगळंच. ज्या ॲपवाल्यांनी अक्षरांची चित्रं करून जारमध्ये भरली होती, त्यांची मराठी कुठेही दिसते. त्या वेळी आम्ही त्यांना हसायचो, कारण त्यानं फाईल फुगायची. माझ्यासारख्या ज्यांनी युनिकोड मजकूर फोनच्या फॉन्टवर सोडला, त्यांना लिनक्सवर चौकोन दिसतात, किंवा फॉन्टची मांडणीच नसल्यानं जावा सुरू होतानाच कोसळतो. उपाय सोपा: फॉन्टकॉन्फिग बसवायचं आणि लोहित किंवा नोटो यांचा देवनागरी फॉन्ट टाकायचा. माझ्या पडद्यावरचे चौकोन त्यानं गेले आणि ‘फवारणी’ नीट दिसायला लागली.

जिओफोनबद्दलही लोक विचारतात, कारण बटणं अगदी जुन्यासारखी. तोही आतून लिनक्सवरच उभा आहे, त्यावर कायओएस. पण त्यात जावाची जार चालत नाही. त्याची ॲप वेबपानांसारखी बांधलेली असतात. दिसण्यावर जाऊ नका. आणि ज्या ॲपला पलीकडे कंपनीचा सर्व्हर लागायचा, उदाहरणार्थ बाजारभाव दाखवणारी, ती कुठल्याही यंत्रावर उघडली तरी "जोडत आहे" असं म्हणत बसतील. पलीकडे आता कुणी नाही.

तात्यांच्या नोंदी आता मजकुराच्या फाईलमध्ये आहेत, तिथून स्प्रेडशीटमध्ये घेतल्या आहेत आणि एक प्रत त्यांच्या मुलाच्या फोनवर आहे. जुन्या फोनवरचं ॲप मी काढलेलं नाही. हौस म्हणून त्यांनी ते गेमच्या यंत्रावरही मागून घेतलं आणि त्यात एक नवी फवारणी लिहिली. तिच्यावर १९७० सालची तारीख पडली. यातल्या काही स्वस्त यंत्रांत बंद असताना चालणारं घड्याळ नसतं, आणि लिनक्सचं मोजणं १ जानेवारी १९७० पासून सुरू होतं. तात्या म्हणाले, "तवा तर इथं डाळिंबच नव्हतं." त्यामुळे त्या यंत्रात फक्त वाचायचं, नवी नोंद स्प्रेडशीटमध्ये घालायची, असं आमचं ठरलंय. ती एक चुकीच्या तारखेची फवारणी औषधाच्या दुकानाच्या बिलावरून दुरुस्त केली.