सासऱ्यांच्या पिस्तुलाचं काय येईल?

माझी नोकरी डोंबिवली एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये झाली, बिऱ्हाड ठाकुर्लीत. लोखंडाशी संबंध आला एवढ्या भांडवलावर सासरच्या मंडळींनी मला हत्यारांतला जाणकार ठरवून टाकलं. सासरे कल्याणचे वखारवाले. मुरबाड-शहापूरकडून सागाचा माल यायचा, व्यवहार रोखीचा. म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून वेबली अँड स्कॉटचं .३२ बोअरचं जुनं पिस्तूल घेतलं होतं. ते गेल्यावर मेहुण्याने विचारलं, "भावोजी, याचं काय येईल?" त्या प्रश्नाच्या मागे हिंडताना जे पदरात पडलं ते हे.

१. आधी कळलं की किमतीचा प्रश्न आपल्या हातात नसतोच, कारण वस्तूच हातात नसते. परवानाधारक गेला की त्याचं हत्यार घरात ठेवणं बेकायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. आम्ही मुंबईतल्या एका जुन्या बंदुकांच्या दुकानात ठेवलं. तिथे दर महिन्याला भाडं चढतं. सासूबाईंना त्याचं काही वाटलं नाही. "प्रत्येक निवडणुकीला ते ठाण्यातच जाऊन बसायचं," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुण्यासारखंच होतं." आणि मी, घरचा जाणकार, पूर्ण वेळ काउंटरच्या अलीकडे हात बांधून उभा. पिस्तुलाला बोटही लावलं नाही.

२. हौसेचे पैसे मिळत नाहीत, हे मला फ्लॅटच्या बाबतीत ठाऊक होतं. इथे त्याहून कडू निघालं: हौसेचे पैसे कापले जातात. सासऱ्यांनी मूळचं काळपट ब्लूइंग घासून पिस्तुलाला निकेल करून घेतलं होतं. मुठीवर वखारीतल्या शिसवीच्या पट्ट्या, स्वतः कोरलेल्या, वर वेलबुट्टी. आम्हाला सगळ्यांना तेच त्याचं सौंदर्य वाटायचं. दुकानदाराने हिरव्या कापडावर ते घेतलं, मॅगझिन काढलं, चेंबर रिकामा असल्याची खात्री केली, नळीतून उजेड पाहिला आणि मान हलवली. ती पसंतीची होती. मग शिसवीवर अंगठा फिरवला. तेव्हा मात्र काहीच बोलला नाही.

उजवीकडची पट्टी त्याने काढून दाखवली तेव्हा मला माझ्या धंद्याची भाषा दिसली. या पिस्तुलात इंग्रजी व्ही अक्षरासारखी रिकॉइल स्प्रिंग असते आणि ती नेमकी उजव्या पट्टीखाली बसते. शिसवी आतून हवी तेवढी कोरली गेली नव्हती. स्प्रिंग जिथे लाकडाला घासली होती तिथे एक गुळगुळीत, चकचकीत चरा पडला होता. दोन-तीन दशांश मिलीमीटरचा मामला. टूलरूममध्ये असा जॉब मी परत पाठवला असता. पण सासऱ्यांच्या हातच्या वेलबुट्टीकडे बघून ते तोंडातून निघेना.

३. जे टाकाऊ म्हणून बाजूला पडतं त्याला भाव असतो. या पिस्तुलाच्या मूळ पट्ट्या काळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या. ठिसूळ, सहज तडकणाऱ्या. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, त्या दोन्ही निघाल्या. एकीचा कोपरा उडालेला. दुकानदाराचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा खुलला तो त्या पट्ट्या बघून. संग्राहकाला वस्तू कारखान्यातून जशी निघाली तशी हवी असते. पट्टी परत लावता येते, घासून गेलेलं ब्लूइंग परत येत नाही. नव्याने केलेलं ब्लूइंग नवंच दिसतं. हस्तिदंती मुठीचा पर्याय तेव्हा सासऱ्यांनी नाकारला होता म्हणे, महाग पडतो म्हणून. वाचलो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढे मग पिस्तूल राहिलं असतं बाजूलाच.

४. सगळ्यांत मोलाचा भाग म्हणजे क्रमांक. ओळखचिन्ह पुसलेलं वा बदललेलं हत्यार विकता येत नाही, आणि निकेल करण्याआधी कारागिराने पॉलिशचं चाक फिरवलेलं होतं. आकड्यांच्या कडा बोथट झालेल्या. परवान्यावरचा क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक भिंगातून ताडून बघेपर्यंत माझा जीव टांगणीला. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे मुकुटाचे ठसेही अस्पष्ट, पण होते.

क्रमांकाची मातब्बरी किती, तर भगतसिंगांचं .३२ चं कोल्ट. ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात काळ्या रंगाखाली वर्षानुवर्षं इतर हत्यारांसारखं एक हत्यार म्हणून पडून होतं. रंग खरवडला, खाली १६८८९६ हा आकडा निघाला, तो सँडर्स खटल्याच्या कागदपत्रांशी जुळला, आणि क्षणात ते अमोल झालं. त्या लाहोरच्या प्रकरणात आपल्या खेडचे राजगुरू होते. आमच्या पिस्तुलाने फार तर वखारीतल्या उंदरांना दहशत घातली असेल. तरी नियम तोच. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना कागद नसेल तर बाजारात शून्य किंमत.

५. "शंभरीच्या आसपासचं आहे, अँटिक म्हणून विकू," ही मेहुण्याची कल्पना. मलाही क्षणभर पटली. कायद्यात पुराण्या हत्यारांना सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनही गोळी सुटू शकणार नाही अशांनाच. आमचं तर ठणठणीत.

६. जगाच्या बाजारात हे पिस्तूल काहीशे डॉलरचं. आपल्याकडे त्याचे लाख होतात, आणि त्यात वेबलीच्या कारागिरीचा वाटा थोडा. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाली, त्यामुळे बाहेरचा माल आहे तेवढाच फिरतोय. नाहीतर मग सरकारी कारखान्यांचा. गिऱ्हाइकाकडे आधीच परवाना हवा, तोही याच बोअरचा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. म्हणजे ज्याच्याकडे दोन आहेत तो कितीही भाळला तरी उपयोग नाही. दुकानदार फोनवर प्रत्येकाला किंमत सांगायच्या आधी लायसन्सबद्दलच विचारायचा. त्यात २०२० पासून वेबली अँड स्कॉटच्या नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात हरदोईजवळ संडीलात बनायला लागलं. नावासाठीच घेणाऱ्याला नवं कोरं मिळतंय.

यातून मी भावाबद्दल एकच शिकलो: तंगी संपली की यातली बरीच किंमत उतरेल. माझं हे मत मेहुण्याला आवडलेलं नाही.

७. कमरेला लावणाऱ्याला निकेल आवडतं, संग्राहकाला खुपतं. आमचं गिऱ्हाईक पहिल्या जातीचं निघालं. चमक बघून खूश झालं, व्हल्कनाइटच्या पट्ट्या नको म्हणालं आणि शिसवी आतून कोरून घेण्याचे पैसे कापून मागितले. परवाना असलेल्या कारागिराकडूनच ते करून घ्यावं लागतं, घरी कानस चालवायची सोय नाही. माझे हात शिवशिवत असतानाही नाही. व्यवहाराचा आकडा इथे लिहीत नाही, मेहुणा वाचतो. मेहुण्याच्या अपेक्षेपेक्षा कमी आणि माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त, एवढं सांगतो. माझा अंदाज मी लोखंडाच्या हिशोबाने केला होता.

तुमच्याकडे असं वडिलोपार्जित काही असेल आणि परवाना ज्यांच्या नावावर ते हयात असतील, तर वारसाच्या परवान्याचा अर्ज त्यांच्या डोळ्यांदेखत करा. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे: परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, यांतलं जे आधी होईल तेव्हा वारसाला अर्ज करता येतो. कल्याण-डोंबिवलीकरांसाठी तो ठाणे पोलीस आयुक्तालयात जातो.