रंग उतरतो, दोष पाण्याचा

प्रश्न : मी देवासला राहते. पार्लरमध्ये रंगवलेले केस तीन आठवड्यांत फिके पडतात. धारच्या वहिनींचीही हीच तक्रार. काय करावे?

उत्तर : आधी बोअरवेलकडे बघा. माळव्याच्या काळ्या पाषाणातले पाणी बहुधा जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर साचते आणि रंग निस्तेज दिसतो. निदान शेवटचा तांब्या तरी आरओच्या पाण्याचा घ्या. रंगवल्यावर २-३ दिवस शाम्पू नको. पुढेही आठवड्यातून दोनदाच, सल्फेट नसलेला. कढत पाणी तर नकोच! उन्हात डोक्यावर ओढणी घ्या. लालसर छटा मुळातच लवकर उतरते. मुळाशी दिसणारे पांढरे केस हा वेगळा मामला : केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. तेव्हा फक्त मुळेच रंगवून घ्या, पार्लरवाली काहीही म्हणो.