फोटो – 1 नग

सिल्लोडच्या बाजारपेठेत एका कृषी सेवा केंद्रावर दहा फुटी फलक लागला होता. मक्याच्या पोंग्यात तोंड खुपसून बसलेली लष्करी अळी आणि शेजारी कीटकनाशकाची बाटली. रस्त्यावरून जाणारा एक छायाचित्रकार मोटारसायकल थांबवून बघतच राहिला. ती अळी त्याच्या ओळखीची होती. त्याने तिला स्वतःच्या घरात, प्लॅस्टिकच्या डबीत वाढवलं होतं.

लष्करी अळीची भारतातली पहिली नोंद 2018 मध्ये कर्नाटकात झाली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातल्या मक्यावरही उतरली. कृषी पदवीधर असलेल्या या माणसाने तेव्हा तिचं पूर्ण जीवनचक्र टिपायचं ठरवलं. अंडीपुंजापासून पतंगापर्यंत साधारण महिना जातो. या अळ्या एकमेकींनाच खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी, रोज कोवळं पान, रोज साफसफाई. पतंग कोषातून रात्री बाहेर येतो, त्यासाठी जागरणं. डोक्यावरचं उलटं ‘वाय’ आणि शेपटीजवळ चौकोनात बसलेले चार ठिपके या तिच्या ओळखीच्या खुणा. त्या एकाच चौकटीत स्वच्छ दिसाव्यात, हा त्याचा हट्ट. महिन्याअखेरी मनासारखे पंधरा फोटो हाती लागले.

फलकावर मजकुराला जागा करताना कुणीतरी अळीचा शेपटीकडचा भाग कापून टाकला होता. चार ठिपके गेले होते. ज्या खुणेवरून शेतकऱ्याने अळी ओळखायची, तीच नाहीशी झाली होती, आणि याचं दुःख त्याला पैशांपेक्षा मोठं वाटलं.

पैशांची गोष्ट तशी छोटीच होती. 2019 च्या खरिपाआधी एका कंपनीतून फोन आला. ‘सर, माहितीपत्रकासाठी एक फोटो पाहिजे. मोठ्या साइजचा पाठवा.’ त्याने दीड हजार सांगितले, समोरून लगेच होकार आला, त्याने मूळ फाइल मेल केली. बिलावर लिहिलं, ‘फोटो – 1 नग’. पुढच्या वर्षभरात तो एक नग फलकावर, दिनदर्शिकेवर, मोबाइल अॅपमध्ये आणि तेलुगू पत्रकावरही दिसला. विचारणा केल्यावर उत्तर मिळालं, ‘सर, फोटो तर तुम्ही विकलाय.’

विकलं नेमकं काय होतं, हे त्याला तेव्हा सांगता आलं नाही. 1957 चा कॉपीराइट कायदा त्याने त्यानंतर वाचला. आधीच काढून ठेवलेल्या फोटोची मालकी छायाचित्रकाराचीच राहते. कंपनीला मिळतो तो वापराचा परवाना, आणि तो लेखी असावा लागतो. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणजे त्याच्या मोघम कागदाने फार तर पाच वर्षं आणि अख्खा देश देऊन टाकला असता. माहितीपत्रक की फलक, हा मुख्य वाद मात्र उरलाच असता, कारण ‘माहितीपत्रकासाठी’ हा शब्द फोनवर बोलला गेला आणि बिलात आलाच नाही. तो कोर्टात गेला नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडली. त्याच सुमारास आणखी एका कंपनीने त्याला प्रात्यक्षिक प्लॉटवर फोटो काढायला बोलावलं. दोन दिवस काम झालं, पैसेही वेळेवर आले. पुढे त्यातला एक फोटो त्याला शेतीच्या मासिकाला द्यायचा होता, तेव्हा कळलं की तो देण्याचा हक्कच त्याच्याकडे नाही. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, जोवर उलट करार केलेला नाही. या कलमाची माहिती नसलेले चांगले चांगले छायाचित्रकार आजही कामाच्या ऑर्डरवर न वाचता सही करतात. कामाला निघण्यापूर्वी मेलमध्ये एक वाक्य पुरतं: कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, कंपनीला अमुक वापराचा परवाना. कंपनीने त्याला लेखी होकार द्यायला हवा.

परवान्याचा प्रकार बदलला की किंमत किती बदलते, याचं ठसठशीत उदाहरण विंडोज एक्सपी या संगणक प्रणालीत आहे. हिरव्या टेकडीचा तो प्रसिद्ध फोटो चार्ल्स ओ’रिअर यांनी 1996 मध्ये कॅलिफोर्नियात काढला. मायक्रोसॉफ्टने त्याचे सगळे हक्क विकत घेतले. रक्कम गुप्त आहे, पण मूळ फिल्मचा तेवढा विमा उतरवून ती पोचवायला कुरिअरवाले तयार होईनात, म्हणून ओ’रिअर विमानाने स्वतः ती देऊन आले. त्याच एक्सपीमधला पानगळीच्या वाटेचा फोटो पीटर बुरियन यांचा. तो ‘रॉयल्टी-फ्री’, म्हणजे एकदाच पैसे भरून पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या परवान्याने घेतला गेला, आणि बुरियन यांच्या हाती आले 45 डॉलर. दोन्ही फोटो कोट्यवधी संगणकांवर पोचले.

सिल्लोडचा फलक पाहिल्यानंतर त्याने वहीत पहिल्यांदा हिशेब मांडला. एका महिन्याची मेहनत, लेन्स-फ्लॅशची झीज, ओळख पक्की करून घेण्यासाठी कीटकशास्त्रज्ञांकडे मारलेल्या फेऱ्या धरून खर्च पंचेचाळीस हजार. फोटो पंधरा. प्रत्येकाचा नुसता खर्चच तीन हजार, आणि त्याने मागितले होते दीड! आता तीन हजार ही त्याची सुरुवात असते, दर नव्हे. पत्रक किती प्रतींचं, किती भाषांत, किती हंगाम. फलक किती जिल्ह्यांत. वेष्टनावर जाणार का. दुसऱ्या कंपनीला द्यायचा नाही अशी अट आहे का, हे विचारल्याशिवाय तो आकडा सांगत नाही. शेवटची अट सर्वांत महाग लावावी, कारण तेवढ्या काळासाठी बाकीची सगळी गिऱ्हाइकं सुटतात. वेष्टनही महाग, कारण तिथे फोटो उत्पादनाची ओळख बनतो. दुर्मीळ फोटोही महाग: नेहमीच्या सूर्यास्ताला शंभर पर्याय असतात, सहाव्या अवस्थेतल्या अळीला दोन-चारही नसतात. नमुना म्हणून तो लहान फाइल पाठवतो, मोठी फाइल परवान्याचा मेल पक्का झाल्यावरच.

फाइलमध्ये नाव आणि हक्काची नोंद भरणं हे पाच मिनिटांचं काम, पण ते टाळू नये. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने अशी नोंद जाणूनबुजून पुसणं गुन्हा ठरवलं. मात्र व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की ती सहसा आपोआप गळते, म्हणून तो मेलच वापरतो. नावाचा उल्लेख आणि काटछाटीची परवानगी हेही तो किमतीच्या बोलण्यातच उरकून घेतो.

गेल्या हंगामात एका कंपनीने पाच फोटोंचे ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ मागितले. त्याने नकार न देता फक्त प्रश्न पाठवले. उत्तर आलं: पत्रक, मराठी आणि तेलुगू, दोन हंगाम, फक्त दोन राज्यं. कंपनीला खरी गरज तेवढीच होती. त्याने तेवढ्याचीच किंमत सांगितली, ती मंजूर झाली, आणि परवान्याच्या मेलमध्ये त्याने शेवटची अट लिहिली की शेपटीकडचे चार ठिपके कापू नयेत.