प्राथमिक शाळा, धर्म आणि नागरिकत्व

सकाळची घंटा होते आणि मुले पटांगणात रांगेने उभी राहतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना असा तो दहा-पंधरा मिनिटांचा परिपाठ. नागरिकशास्त्राचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच नागरिकत्वाचा पहिला धडा मूल येथे गिरविते. आपल्या घरच्या श्रद्धेला शाळेत कितपत जागा आहे, याचाही अंदाज त्याला येथेच येऊ लागतो. ही प्रतिज्ञा मूळची तेलुगू असून ती १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिली, हे मात्र ती रोज म्हणवून घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

याबाबत राज्यघटनेची भूमिका स्पष्ट आहे. अनुच्छेद २८ अन्वये संपूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतील धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमती आवश्यक ठरते. तथापि, अशी संमती विचारावयाची असते याची जाणीव शाळा व पालक या दोहोंनाही सहसा नसते.

या प्रश्नाची खरी कसोटी १९८५ साली केरळात लागली. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु ते गात नसत. ईश्वराखेरीज अन्य कोणाचे स्तवन त्यांच्या धर्मश्रद्धेस मान्य नव्हते. वर्षानुवर्षे यावर कोणी आक्षेप घेतला नाही. पुढे चर्चा उठली आणि जुलैमध्ये तिघांनाही शाळेतून काढण्यात आले. थोरला दहावीत होता, धाकटी अवघी पाचवीत. उच्च न्यायालयाने दाद दिली नाही. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निर्णय दिला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही, शांतपणे उभे राहण्यात अनादर नाही, आणि मुलांना काढून टाकणे हा अभिव्यक्ती व धर्मस्वातंत्र्याचा भंग होय, असे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालपत्राने ठरविले. ही मुले उद्धट नव्हती, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. त्यांचे मौनच मोठ्यांना सहन झाले नाही.

याचा अर्थ शाळेत धर्माचा उच्चारही नको, असा नव्हे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) विशिष्ट धर्माची शिकवण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत भेद केला आणि दुसऱ्यास पाठिंबा दिला. ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा व दिवाळी यांची माहिती वर्गात सांगणे हे शिक्षण आहे. पूजेचे ताट धरण्यास एखाद्या मुलास भाग पाडणे ही वेगळी गोष्ट आहे. हा फरक प्रत्यक्षात सांभाळणे कठीण जाते. कार्यक्रमात नारळ कोणी फोडावा, स्वागतास कोणत्या मुली उभ्या कराव्यात, डब्यावरून झालेली चेष्टा हसण्यावारी न्यावी काय, अशा बारीकसारीक प्रसंगांतूनच तो कळतो किंवा पुसला जातो.

महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून शाळांच्या परिपाठात राज्यघटनेच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन सुरू करण्यात आले. श्रद्धा व उपासना यांच्या स्वातंत्र्याचा तीत उल्लेख आहे. त्या शब्दांचा अर्थ चौथीच्या मुलास कोणत्या उदाहरणाने सांगावा, हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या बैठकीत शिक्षक व पालकांनी अवश्य चर्चेस घ्यावा.