जीपगाडीतील हौशी बिनतारी केंद्र

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळली. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा कोठे ही वार्ता बाहेर पोचली. जेथे तारा व मनोरे निरुपयोगी ठरतात, अशा डोंगराळ मुलखात जीपमध्ये बसविलेला हौशी बिनतारी संच मोलाचा ठरतो. मात्र तो नीट बसविलेला असावयास हवा.

हा संच चालविण्यास केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असून तो परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतो. वाहनातून केंद्र चालविण्याविषयीच्या अटी आधी पाहून घ्याव्यात.

वीज कोठून घ्यावी?

नवशिके सर्व लक्ष संचाच्या किमतीवर देतात आणि तारेकडे दुर्लक्ष करतात. १०० वॅटचा संच बोलताना सुमारे २० अँपिअर प्रवाह घेतो. सिगारेट पेटविण्याच्या खोबणीतून एवढा प्रवाह घेणे धोक्याचे होय. तार थेट बॅटरीपासून आणावी. बॅटरी ते संच हे अंतर ४ मीटर असल्यास जाऊन-येऊन ८ मीटर तार लागते. ती २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असल्यास सुमारे १.१ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. १० चौरस मिलिमीटरची असल्यास पाव व्होल्टाच्या थोडे वर. फ्यूज बॅटरीनजीकच असावा, कारण पत्र्यावर घासून तारेचे आवरण फाटले तर आग तेथूनच लागते. पत्र्याच्या भोकात रबरी बूच घालण्यास विसरू नये.

एरियलची जागा

१४५ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबीची काठी जेमतेम अर्धा मीटर भरते. तिला खाली धातूचा विस्तृत पत्रा लागतो, म्हणून टपाचा मध्यभाग सर्वोत्तम. ताडपत्रीच्या जीपला टपच नसतो. तेथे बॉनेटची कड पत्करावी. बॉनेट, बॉडी व चासी यांमध्ये रंग आणि रबर असते, तेव्हा हे भाग विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडावेत. एवढ्याने पुष्कळदा इंजिनाची खरखरही कमी होते.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सह्याद्रीच्या घळीत डोंगर आडवा आला की बोलणे खुंटते. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी उंच फेकल्या तर दिवसा बहुधा आयनांबरावरून परततात आणि डोंगर ओलांडून शेकडो किलोमीटरपर्यंत पोचतात. परंतु येथे पाव तरंगलांबी साडेदहा मीटरची. गाडीवरील आखूड काठीला गुंडाळी जोडून भागते खरे. पण शक्तीचा मोठा भाग उष्णतेत जातो. त्यापेक्षा गाडी थांबवून, प्रत्येकी १० मीटरच्या दोन तारा मध्यभागी केबलला जोडून झाडांना बांधाव्यात. ही साधी तार महागड्या काठीहून सरस ठरते.

खडकाळ वाटेवर स्क्रू सैल होतात. संच आरपार बोल्ट व दातेरी वॉशर यांनी आवळावा, आणि चालकाच्या गुडघ्यापासून दूर ठेवावा. बोलण्याचे काम शेजारच्याने करावे. केबलचे सांधे पावसाळ्यापूर्वी टेपने बंद करावेत; आत शिरलेले पाणी बाहेरून दिसत नाही. गाडीला वेल्डिंग करावयाचे असल्यास संचाच्या तारा आधी सोडवाव्यात. शेवटी, इंजिन चालू ठेवून व पूर्ण शक्तीने बोलून संचाच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे. ते १३ व्होल्टांखाली उतरल्यास दोष तारेत, सांध्यात की बॅटरीत आहे ते शोधूनच गाडी घाटात न्यावी.