जवळच्या गावचा छोटा व्यापारी मेळावा : जावे का, आणि गेल्यावर काय करावे?

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील एखाद्या कापड दुकानदाराला सांगा की, कोल्हापूर, सांगली किंवा इचलकरंजीला कापडवाल्यांचा एक-दोन दिवसांचा मेळावा आहे, येणार का? बहुतेक वेळा उत्तर येते, ‘दुकान कोण बघणार?’ दुसरे उत्तर असते, ‘जायचेच झाले तर मुंबईला जाऊ, तिथे सगळे एका जागी मिळते.’ दोन्ही उत्तरे वर्षानुवर्षे दिली जातात आणि ऐकणाराही मान डोलावतो. पण वही उघडून हिशेब केला तर दोन्ही टिकत नाहीत. आज याच विषयावर थोडे विस्ताराने लिहायचे आहे.

मेळावा म्हणजे पुढाऱ्यांना हार घालून तीन तास भाषणे ऐकण्याचा कार्यक्रम मला अभिप्रेत नाही. पन्नास ते दोनशे माणसे, एक सभागृह, भिंतीकडेने टेबलांवर मांडलेले नमुने, धंद्याच्या दोन-तीन प्रश्नांवर माहितगार माणसाचे बोलणे आणि दुपारचे जेवण एकत्र, एवढाच मेळावा. येणारेही साधारण आपल्याच मापाचे असतात. कोणी कराडचा, कोणी चिपळूणचा, कोणी निपाणीचा.

आता मुंबईशी तुलना करू. तिथे गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात तयार कपड्यांची मोठी प्रदर्शने भरतात. शेकडो स्टॉल असतात, देशभरचे खरेदीदार येतात. हंगामात कोणता रंग, कोणता कट चालणार हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर तिथे जरूर जावे. मात्र व्यवहार करायला गेलात की स्टॉलवरचा पोऱ्या पहिला प्रश्न विचारतो, ‘दुकाने किती आहेत?’ एक म्हणताच त्याचे लक्ष तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. त्याचेही चुकत नाही. त्याला तीन दिवसांत शंभर मोठ्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत. आपल्याला एका डिझाइनचे दोन सेट हवेत, त्यातही मोठे माप कमी. संध्याकाळी आपण हातात पाच किलो कॅटलॉग घेऊन गाडीत बसतो. ते कॅटलॉग मग गल्ल्याखाली पडून राहतात.

छोट्या मेळाव्यात एकच माणूस सकाळी टेबलावर भेटतो, दुपारी जेवताना शेजारी बसतो आणि संध्याकाळी चहाला पुन्हा समोर येतो. पहिल्या भेटीत तो भाव सांगतो, दुसऱ्या भेटीत अडचण सांगतो आणि तिसऱ्या भेटीत खरा भाव सांगतो. व्यापारात तिसरी भेट महत्त्वाची असते, आणि मोठ्या प्रदर्शनात ती होतच नाही.

सोलापूरचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. सोलापूर म्हटले की आपल्याला चादर आणि टॉवेल आठवतो. १८७७ साली तिथे सुरू झालेली जुनी गिरणी आणि नंतरच्या इतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण शिवणकामाचा हात शहरात राहिला. घराघरांत आणि छोट्या कारखान्यांत शाळेचे गणवेश शिवले जाऊ लागले. या कारखानदारांपैकी प्रत्येक जण एकटा लहान होता. मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांच्यातील एकाने कोपऱ्यातला स्टॉल घेतला असता तर त्याच्याकडे कोणी वळून पाहिले असते की नाही, शंकाच आहे. तेथील रेडिमेड कापड उत्पादक संघाने २०१७ साली सोलापुरातच गणवेशांचे प्रदर्शन भरवले आणि खरेदीदारांना आपल्या गावी बोलावले. पुढे हेच प्रदर्शन बंगळूर आणि मुंबईपर्यंत गेले. आधी गावात एकमेकांचा माल, एकमेकांचे भाव आणि एकमेकांची कुवत कळली, मग बाहेर पडणे झाले. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे सगळ्यांना एकदम मुंबई हवी असते.

आपल्या रत्नागिरीला तर आणखी एक कारण आहे. कोकणचा हंगाम घाटावरच्या व्यापाऱ्याला ठाऊक नसतो. तो साधारणपणे दिवाळी आणि लग्नसराई जाणतो. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी येतात तेव्हाची विक्री वेगळी, रमजान ईदची वेगळी आणि आंब्याचा पैसा हातात आल्यावर मे महिन्यातली वेगळी. उलट जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मिरकरवाडा, राजिवडा या वस्त्यांतील गिऱ्हाईक त्या काळात उधारीवर चालते, आणि नेमकी तेव्हाच मुलांच्या गणवेशाची गरज असते. म्हणजे माल द्यायचा जूनमध्ये आणि पैसे यायचे होड्या पुन्हा समुद्रात गेल्यावर. घाटावरचा ठोक व्यापारी तीस दिवसांची उधारी देतो, एकतिसाव्या दिवशी फोन करतो आणि आपल्याला वाईट गिऱ्हाईक समजतो. ही गोष्ट फोनवर समजावता येत नाही. समोरासमोर बसून, महिन्यांची नावे घेऊन सांगितली की शहाणा व्यापारी समजतो. गणवेशाला पंचाहत्तर दिवस आणि ईदच्या मालाला रोख, मग त्या रोखीवर जादा वटाव, अशी बोलणी मेळाव्यातच होऊ शकते. मी स्वतः असा ठराव एका पेढीशी जेवणाच्या पंगतीत केला आहे. त्याआधी चार वर्षे आमचे पत्रव्यवहारातले नाते गोड नव्हते.

मालाच्या दोषांचेही तसेच. समुद्राच्या खाऱ्या हवेत पँटचे हुक आणि चेन गंजतात. पावसाळ्यात बंद कपाटातल्या सुती मालाला बुरशीचे ठिपके पडतात. सोलापूर-इचलकरंजीच्या कोरड्या हवेत राहणाऱ्या कारखानदाराला हे आपण सांगितल्याशिवाय कळणार कसे? एकट्याने तक्रार केली तर ती तक्रार राहते. चिपळूण, मालवण, रत्नागिरी अशा चार गावांच्या दुकानदारांनी एकाच टेबलाशी उभे राहून तेच सांगितले की ती मागणी होते, आणि पुढच्या खेपेला हुक बदलून येतात.

दुसरा मोठा फायदा म्हणजे कायद्याची माहिती. ती वर्तमानपत्रातही मिळते, पण आपल्या धंद्याला लावून मिळत नाही. तयार कपड्यांवरील जीएसटीचे उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगास २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के कर झाला. आधी ही मर्यादा १,००० रुपये होती आणि वरचा दर १२ टक्के. म्हणजे १,८०० रुपयांचा पंजाबी ड्रेस स्वस्त झाला आणि ३,००० रुपयांची शेरवानी महाग. हे वाचून कळते. परंतु ड्रेस आणि ओढणी वेगवेगळ्या बिलात दाखवावी की एकत्र, जुन्या दराचा माल परत घेताना काय करावे, हे प्रश्न चार दुकानदार एकत्र बसल्याशिवाय निघत नाहीत, आणि मेळाव्याला आलेल्या कर सल्लागाराला तिथे फी न देता विचारता येतात.

यापेक्षाही जास्त महत्त्वाचा विषय पंचेचाळीस दिवसांच्या नियमाचा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या कारखानदाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. त्याला आयकराचा दात बसला तो २०२३ च्या वित्त कायद्याने, आणि आकारणी वर्ष २०२४-२५ पासून तो लागू झाला. मुदत उलटून गेलेली रक्कम ३१ मार्चला देणे राहिली तर त्या वर्षी ती खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी द्याल त्या वर्षी धरायची. जूनचा गणवेश सप्टेंबरात चुकवला तर वर्ष तेच राहते, त्यामुळे आयकराला बाधा येत नाही, मात्र उशिराचे व्याज मागण्याचा हक्क कारखानदाराला असतो. खरी अडचण जानेवारीत उचललेल्या मालाची आहे. आणि यात एक बारकावा असा की, हा नियम उत्पादकाच्या आणि सेवा देणाऱ्याच्या बाजूचा आहे, नुसता माल विकणाऱ्या ठोक व्यापाऱ्याला तो लागू नाही. त्यामुळे तोच शर्ट इचलकरंजीच्या कारखान्यातून घेतला तर एक हिशेब, कोल्हापूरच्या ठोक पेढीतून घेतला तर दुसरा. कारखान्याचा भाव कमी दिसतो म्हणून तिकडे धावण्याआधी हे पाहावे. आपल्या किती बांधवांना हे ठाऊक आहे? हिशेबनीस दोन ओळींत सांगून मोकळा होतो.

कारागीर बंधूंना वाटेल की हे सारे दुकानदारांचे झाले. तसे नाही, उलट त्यांना फायदा अधिक आहे. दर्जी, जाळी विणणारा, होडी बांधणारा हे सगळे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत येतात. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत यात आहे. कार्यालयात चकरा मारून जे काम होत नाही, ते मेळाव्यात टेबल मांडून बसलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ध्या तासात होते, कारण त्या दिवशी त्याला तेवढेच काम असते. शिवाय नगावर मजुरी ठरवणाऱ्या दर्ज्याला शेजारच्या जिल्ह्यात त्याच कामाला काय मजुरी मिळते हे तिथे कळते. घरी बसून जो ठेकेदार सांगेल तोच दर. कारागिराने जाताना एक पूर्ण झालेला नग आणि एक उलटा करून दाखवता येईल असा अर्धा शिवलेला नग सोबत न्यावा. जाणकार खरेदीदार वरची नक्षी पाहण्याआधी आतली शिवण पाहतो.

जाण्याआधी तयारी हवी. आमच्या मदरशातले उस्ताद म्हणत, सवाल घेऊन आलेला मुलगाच जवाब घेऊन जातो. आपल्या दुकानात गेल्या वर्षी कोणता माल पडून राहिला, कोणत्या मापाची तूट पडली, कोणाची उधारी किती दिवस होती, हे एका कागदावर लिहावे. पाच प्रश्न पुरेत. कार्डे खिशात ठेवावीत आणि समोरच्याचे कार्ड घेतले की त्याच्या पाठीमागे लगेच दोन शब्द लिहावेत, काय बोलणे झाले ते. परत आल्यावर आठ दिवसांत तीन जणांना फोन करावा, तिघांनाच. सगळ्यांना एकदम व्हॉट्सअॅपवर सलाम पाठवून काही होत नाही.

खर्चाचा हिशेब असा. समजा रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, जाणे-येणे, एक मुक्काम, जेवण, मेळाव्याची फी धरून अडीच हजार रुपये झाले. दुकान दोन दिवस भावाने किंवा मुलाने सांभाळले आणि विक्री चार हजारांनी घटली, तर त्यातला नफा सहा-सातशे रुपये गेला. एकूण नुकसान सव्वातीन हजारांच्या आत. आता दोन लाखांच्या खरेदीवर रोखीचा दोन टक्के जादा वटाव मिळाला तरी चार हजार वसूल. मुंबईच्या प्रदर्शनाचा खर्च याच्या तिप्पट-चौपट धरा आणि मग तुलना करा.

सगळेच मेळावे चांगले असतात असे मात्र नाही. काही मेळावे म्हणजे विम्याची किंवा साखळी विक्रीची जाळी असतात. आयोजक कोण, येणाऱ्यांची यादी काय, हे आधी विचारावे, आणि ‘तीन महिन्यांत दुप्पट’ असे शब्द पत्रकात दिसले तर तो कागद तिथेच ठेवावा. दुसरे असे की, एकाच गावचे दुकानदार मिळून ‘याखाली कोणी विकायचे नाही’ असा भाव ठरवू लागले तर तिथून उठावे. स्पर्धा कायदा, २००२ प्रमाणे तो गुन्ह्यासारखाच मामला आहे, आणि गिऱ्हाइकाशी बेइमानीही आहे. बाहेरगावच्या दुकानदाराशी बोलण्यात हा धोका नसतो. त्याचे गिऱ्हाईक वेगळे, म्हणून तो मोकळेपणाने सांगतो. कोणत्या पेढीचा माल धुतल्यावर आटतो आणि कोणती पेढी परत आलेला माल मुकाट्याने घेते, हे तुम्हाला शेजारचा दुकानदार कधी सांगणार नाही, पण कराडचा सांगेल.

असा मेळावा रत्नागिरीतही भरवता येईल. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली, त्यामुळे खेड, चिपळूण, कणकवली, सावंतवाडीचा दुकानदार येऊन जाऊ शकतो. घाटावरून नागपूर महामार्गाची सोय आहे. वेळ डिसेंबर-जानेवारीची बरी. आंबा सुरू झालेला नसतो, शाळांच्या गणवेशाच्या ऑर्डरी ठरायच्या असतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तेव्हा तारीख धरताना तेवढे पाहावे लागेल. साठ-सत्तर माणसे मावतील असे सभागृह, घाटावरचे आठ-दहा कारखानदार, एक कर सल्लागार आणि जिल्हा उद्योग केंद्राचा एक अधिकारी. स्टॉलचे भाडे ठेवू नये, जेवणाचे पैसे प्रत्येकाने द्यावेत. ज्यांना रस आहे अशा दहा दुकानदारांनी एका जुम्याला नमाजनंतर बसून तारखेचे तेवढे ठरवावे.